सातव्या ठोक्यावरचं टक

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. ऑफिस दहाला उघडायचं. मधल्या सव्वापाच तासांचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. शरीराला एकतीस वर्षं कारखान्याच्या पहिल्या पाळीची सवय होती, आणि पाळी संपल्याचं पत्र शरीराच्या नावानं कुणी काढलं नव्हतं.

कारखान्यात तिचं काम एकच. तयार बेअरिंग उजव्या हातात घ्यायचं, डाव्या बोटानं फिरवायचं, कानाशी धरायचं. चांगलं बेअरिंग गप्प फिरतं. आत छर्ऱ्यावर ओरखडा असेल किंवा धुळीचा कण अडकला असेल तर ते बोलतं. गप्प ते एका पेटीत, बोलणारं दुसऱ्या. पाळीला चौदाशे. मान उजवीकडे झुकली ती अजून तशीच आहे; फोटोत बघणाऱ्याला वाटतं, बाई लाजतेय. हे बसून करायचं काम, म्हणून त्याला कुणी मेहनत म्हणत नाही. चौदाशे वेळा लक्ष देऊन ऐकून बघावं, मग बोलावं.

एकतीस वर्षांत तिनं एकच बेअरिंग शंका असताना पास केलं. पाळी संपत आली होती, हात दुखत होता. पुढच्याच महिन्यात तिच्या टेबलाच्या वरचा छताचा पंखा बदलला, आणि नवा पंखा फेरीगणिक टक करायला लागला. पंख्यात कारखान्याचंच बेअरिंग होतं. ते नेमकं तेच होतं, हे कुणी सिद्ध करू शकलं नसतं. तिला सिद्ध करायची गरज नव्हती. तो पंखा अकरा वर्षं तिच्या डोक्यावर फिरला.

मग बेअरिंग ऐकणारं मशीन आलं आणि ती घरी आली. घरी नवरा होता. तो त्याच कारखान्यातला, पण घणाच्या शेडमधला. तापल्या लोखंडावर तिथे दिवसभर घण पडायचा. कानात घालायला कापूस मिळायचा. त्यानं तो चष्मा पुसायला वापरला. त्यामुळे तिनं "अहो" म्हटलं की शेजारच्या दोन घरांतले नवरे "ओ" द्यायचे, आणि तिचा द्यायचा नाही.

"मला ऐकू येतं," तो म्हणायचा. "लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात."

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "दोन्ही कानांना यंत्र लागेल. आणि वर्षाच्या आत घ्या. कान रिकामे राहिले की डोकं शब्द विसरायला लागतं. मग यंत्र लावून नुसता गोंगाट ऐकू येईल, बोलणं समजणार नाही."

यंत्राची किंमत त्यांनी सांगितली तेव्हा नवरा म्हणाला, "काय म्हणाल्या?" ते खरंच ऐकू आलं नव्हतं म्हणून, की नीट ऐकू आलं म्हणून, हे तिला आजवर कळलेलं नाही.

तर वर्षाच्या आत काम हवं होतं. भाचीनं एक जाहिरात आणून दिली. एका कंपनीला चांगले कान असलेला माणूस पाहिजे होता.

कंपनी गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर बनवत होती. पडद्यावर एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसायच्या. त्यांना ट्रॅक म्हणायचे. एका ट्रॅकवर ढोल, एकावर बासरी, एकावर गळा. ते कापायचे, जोडायचे, वरखाली करायचे, की गाणं तयार. सॉफ्टवेअर अजून बाजारात आलेलं नव्हतं. ते यायच्या आत त्यातल्या चुका शोधायला माणूस हवा होता.

मालक स्वतः कधीकाळी वाजवणारा होता. सगळे त्याला उस्ताद म्हणायचे, आणि त्यालाही ते चालायचं. त्यानं तिला दहा आवाज ऐकवले आणि विचारलं, दोष कशात आहे. तिनं बरोबर सांगितलं. मग म्हणाली, "आणि तुमच्या खुर्चीचं मागचं उजवं चाक गेलंय."

"तुम्हाला संगीतातलं काय येतं?"

"काही नाही."

"उत्तम," उस्ताद म्हणाला. "ज्यांना येतं ते ऐकता ऐकता डोलायला लागतात."

करार सॉफ्टवेअर बाजारात येईपर्यंतचा होता, म्हणजे सात महिने. कागदपत्रं बघणाऱ्या बाईंनी एक कलम बोट ठेवून दाखवलं. तक्रार लिहायची, ती प्रोग्रामर किंवा मालक तपासणार. एकच तक्रार तीन वेळा फेटाळली गेली, तर करार त्याच आठवड्यात संपणार. आधीच्या माणसानं एकच चूक चाळीस नावांनी लिहिली होती, म्हणून हे कलम आलं होतं. तिनं सही केली. सात महिने भरले तर यंत्रं येत होती. सहा भरले तर येत नव्हती.

पहिल्या दिवशी ती टेबलाशी बसायच्या आत एकानं विचारलं, "मावशी, चहा मिळेल का?"

"मिळाला तर मलाही सांगा," ती म्हणाली आणि हेडफोन घातले. नाव मात्र मावशीच पडलं.

चहा विचारणारा तो मुख्य प्रोग्रामर. डोक्यावर केसांचा बुचडा बांधायचा. मनानं वाईट नव्हता. आपण लिहिलेल्यात चूक नसते, एवढाच त्याचा एक समज होता, आणि तो त्यानं मेहनतीनं जपला होता.

ती आठलाच ऑफिसात यायची. राखणदार दार उघडून द्यायचा. एसी बंद, माणसं नाहीत, रस्ता अजून शांत. दोन तास ती ऐकायची. दहाला माणसं आली की लिहायला बसायची. पहिल्या तीन महिन्यांत तिनं एकशे अठ्ठावीस चुका काढल्या. एकदा आवाज कमी करताना डावा कान आधी कमी व्हायचा, उजवा मागून. एकदा रेकॉर्डिंग थांबवलं की शेवटचा श्वास कापला जायचा. बुचडेवाला एकेक दुरुस्त करायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "हे आधी चालत होतं."

सॉफ्टवेअरबरोबर एक नमुन्याचं गाणं होतं. विकत घेणाऱ्याला पहिल्यांदा तेच दिसणार आणि ऐकू येणार. ते उस्तादनं स्वतः केलेलं. ऑफिसात तीन वर्षं जो तो काहीही तपासायचं म्हटलं की तेच गाणं लावायचा. सगळ्यांना ते पाठ होतं. चौथ्या महिन्यात तिनं ते पहिल्यांदा सलग ऐकलं, आणि मान उजवीकडे आणखी थोडी झुकली.

प्रत्येक ओळीच्या सातव्या ठोक्याला टक असा आवाज येत होता. बारीक, कोरडा, नखानं टेबलावर मारल्यासारखा.

तिनं तक्रार लिहिली. संध्याकाळी उत्तर आलं: ‘असंच अपेक्षित.’ खाली उस्तादचं नाव.

ती केबिनमध्ये गेली. "ते टक कुठल्या वाद्याचं आहे?"

"मावशी, ते टक म्हणजे या गाण्याचा जीव आहे," उस्ताद म्हणाला. "लोक मला विचारतात, हे तुम्हाला सुचलं कसं."

"पण वाद्य कुठलं?"

"लाकडी काहीतरी असेल. तीन वर्षं झाली. आता सगळं लक्षात राहतं का?"

ती परत येऊन बसली. ट्रॅक नऊ होते. बाकीचे आठ बंद करून एकेक ऐकला. टक नाही. प्रत्येक ट्रॅक वीस वेळा, म्हणजे एकशे ऐंशी वेळा ऐकलं. नऊतल्या एकातही टक नव्हतं, आणि नऊ एकत्र लावले की होतं. शिवाय वाजवणारा माणूस एकदा जोरात मारतो, एकदा हळू. हे टक दर वेळी तसंच्या तसं. माणूस असं वाजवत नाही. खराब बेअरिंग वाजवतं.

तिनं हे सगळं पायरी पायरीनं लिहून दुसरी तक्रार टाकली. ही बुचडेवाल्याकडे गेली. तो पडद्यावर न लिहिता टेबलाशीच आला.

"मावशी, नऊ आवाज एकत्र आले की दहावा भास होतो. त्यालाच संगीत म्हणतात."

"मग तो भास सातव्यालाच का होतो? बाकीच्या ठोक्यांना संगीत नसतं का?"

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. बुचडेवाला हसला नाही. "ऐकतोय ना मी रोज. तीन वर्षं ऐकतोय. ते गाण्यातलंच आहे." आणि परत जाऊन त्यानं लिहिलं: ‘असंच अपेक्षित.’

दोन झाल्या. कागदपत्रांच्या बाई दुपारी मुद्दाम येऊन सांगून गेल्या, "तुमच्या भल्यासाठी सांगते. तिसरी टाकू नका."

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. म्हणजे शेजारच्या दोन घरांनाही सांगितलं.

"किती मोठा आवाज आहे?" त्यानं विचारलं.

तिनं नखानं ताटाच्या कडेवर मारून दाखवलं.

"मला नाही आला."

"म्हणूनच तर नोकरी करतेय."

"मग गप्प बस की. टक तर टक. कुणाचं काय अडलंय? तीन महिने राहिलेत, काढ." मग म्हणाला, "माझ्यासाठी नाही म्हणत. मला तसं ऐकू येतंच."

तो बरोबरच बोलत होता. गप्प बसायला काही लागत नव्हतं. दीड महिना ती गप्प बसली. बाकीच्या चुका काढल्या, आणखी चौसष्ट. पण रोज सकाळी कुणी ना कुणी ते गाणं लावायचं, आणि सातव्या ठोक्याला तिची नजर वर छताकडे जायची. तिथे पंखा नव्हता, एसी होता.

युक्ती सुचली ती कारखान्यातलीच. माल घालून मशीन आवाज करत असेल, तर दोष मालाचा की मशीनचा हे भांडून ठरत नाही. माल काढायचा आणि मशीन रिकामं चालवायचं. मग जो आवाज येईल तो मशीनचा.

इथे माल म्हणजे गाणं. तर गाणं काढून टाकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं माइक टेबलावर ठेवला, राखणदाराला बाहेर बसायला सांगितलं, आणि रिकामं ऑफिस रेकॉर्ड केलं. तीन मिनिटं. न हलता, श्वास नाकानं, हळू. हा पहिला ट्रॅक. असे नऊ करायचे होते. चौथ्याच्या वेळी राखणदार बाहेर खोकला, पुन्हा केला. सातव्याच्या वेळी तिचाच गुडघा वाजला, पुन्हा केला. गप्प बसण्याचे नऊ ट्रॅक करायला तिला पन्नास मिनिटं लागली, आणि उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. मग उस्तादनं गाणं जिथे जिथे कापून जोडलं होतं, तिथे तिथे तिनं हे नऊ ट्रॅक कापले आणि जोडले. एक ओळ कापून त्यानं ती आठ वेळा चिकटवली होती, आणि काप बरोबर सातव्या ठोक्याशी होता. हे आधी कुणी बघितलं नव्हतं, कारण गाणं सगळ्यांना पाठ होतं.

एक ट्रॅक लावला. काही नाही. तीन लावले. काही नाही. सहा लावल्यावर कानामागचा केस हलल्यासारखं झालं. नऊ लावले.

टक.

तिनं तिसरी तक्रार लिहिली. पाठवायच्या बटणावर बोट ठेवून ती बराच वेळ बसली. हेच बोट एका बेअरिंगच्या वेळी घाईत होतं. मग तिनं ते दाबलं.

सोमवारच्या बैठकीत उस्तादनं पडद्यावर ती तक्रार उघडली आणि सुस्कारा टाकला. "मावशी, तिसरी. कलम तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. फेटाळायच्या आधी एक तीन मिनिटांचं ऐका. मग फेटाळा."

मोठे स्पीकर लावले. नऊ ट्रॅक सुरू झाले. बारीक सूं असा आवाज, बाकी काही नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग टक. थोड्या वेळानं पुन्हा टक. तिसऱ्या टकच्या वेळी उस्तादचा पाय हलायला लागला. चौथ्याला तो हसला.

"हेच. हाच तर माझा ठेका. पण गाणं कुठलं हे? नवीन केलंत?"

"गाणं नाही. ही तुमची खोली आहे," ती म्हणाली. "सकाळी आठची. रिकामी."

पाचवं टक आलं. उस्तादचा पाय थांबला. बुचडेवाल्यानं हात डोक्याकडे नेला, बुचडा सोडला, पुन्हा बांधला. गप्प बसण्याचं ते रेकॉर्डिंग सगळ्यांनी गप्प बसून शेवटपर्यंत ऐकलं.

चूक सापडायला चाळीस मिनिटं लागली. ट्रॅक म्हणजे आत नुसते आकडे; तो कापला की दोन तुकड्यांत केसाएवढी फट राहायची, आणि ती भरायला सॉफ्टवेअर तिथे एक भलताच आकडा टाकायचं. एका ट्रॅकवर तो ऐकू येत नाही. नऊ ट्रॅकवर नऊ आकडे एकाच जागी पडले की टक. आणि कापणं हेच तर त्या सॉफ्टवेअरचं मुख्य काम होतं. विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या प्रत्येक गाण्यात हे गेलं असतं.

"हा भाग फार जुना आहे," बुचडेवाला म्हणाला. "नवीन असताना लिहिलेला."

"काय नवीन असताना?"

"मी."

त्यानं ते दुरुस्त केलं. या वेळी ‘आधी चालत होतं’ म्हणाला नाही. दुपारी चहा घ्यायला गेला तेव्हा दोन कप घेऊन आला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी तिच्या पडद्यावर एक तक्रार आली, उस्तादच्या नावानं. ‘नमुन्याच्या गाण्यात सातव्या ठोक्याला काहीतरी हरवलंय. गाणं मेल्यासारखं वाटतं. तातडीनं तपासा.’ दुपारपर्यंत तशाच आणखी चार आल्या. एक राखणदाराची होती. त्याला तक्रार लिहिता येत नव्हती, तो तोंडी सांगून गेला.

तपासायचं काम तिचं. तिनं गाणं वीस वेळा ऐकलं. सातवा ठोका स्वच्छ होता. तिनं शेरा लिहिला: ‘असंच अपेक्षित.’

उस्ताद स्वतः आला. आपली खुर्ची ओढत आणून बसला. चाक अजून तसंच होतं. "मावशी, चूक काढली ते बरोबर केलंत. पण ते टक मला परत हवंय. चूक म्हणून नको. रीतसर, दहाव्या ट्रॅकवर."

"मग मारा कशावर तरी."

"मारून पाहिलं. लाकूड, पत्रा, काच. तसं येत नाही."

तिला ते कुठे मिळेल हे माहीत होतं. शिलाईच्या डब्यात एक बेअरिंग पडून होतं. कारखान्यातल्या शेवटच्या दिवशी तिनं बोलणाऱ्यांच्या पेटीत टाकलेलं, आणि मग उचलून घरी आणलेलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते रेकॉर्डिंगच्या खोलीत माइकसमोर धरून फिरवलं. आत एका छर्ऱ्यावर ओरखडा होता. फेरी त्या जागी आली की टक.

"जरा मऊ, मावशी," काचेपलीकडून उस्ताद म्हणाला. मग, "आता जरा कोरडं." मग, "मघाचं बरं होतं." सव्वीस वेळा फिरवलं. पंचवीस वेळा तो म्हणाला, नाही. एकतीस वर्षं दुसऱ्याला नापास केलेल्या बाईनं एका सकाळी पंचवीस वेळा नापास होऊन घेतलं, आणि नुसतं मनगट चोळलं. सव्विसावं टक कापून सातव्या ठोक्यावर ठेवलं. कापताना फट राहिली नाही, हे तिनं तपासलं. गाण्याखालच्या यादीत ढोल, बासरी, गळा यांच्यानंतर एक ओळ वाढली: ‘टक – मावशी.’

सातव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सॉफ्टवेअर बाजारात गेलं. तिच्या यादीत एकही उघडी तक्रार नव्हती. चुका संपल्या, त्यामुळे चुका शोधणाऱ्या बाईचं कामही संपलं. तिनं थोडं कमी नीट काम केलं असतं तर आणखी दोन महिने मिळाले असते. कागदपत्रांच्या बाईंनी तिच्या हातात शेवटचा पगार आणि प्रमाणपत्र दिलं.

"पुढची आवृत्ती सुरू झाली की बोलावू," उस्ताद म्हणाला. "चुका होतीलच."

"त्याची काळजी नाही," बुचडेवाल्याकडे बघत ती म्हणाली.

वर्ष पुरं व्हायला नऊ दिवस होते, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याच्या दोन्ही कानांमागे यंत्रं बसवली. मुठीत मावेल एवढ्या डबीत सात महिन्यांची कमाई होती. रस्त्यानं तो दर हॉर्नला दचकत आला. घरी येऊन खुर्चीत बसला. नळाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, स्वतःच्या चपलेकडे बघितलं.

तिनं मोबाइलवर ते गाणं लावलं. यासाठीच नोकरी केली, वगैरे काही ती बोलली नाही. त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "पण त्यात काहीतरी टकटक करतंय."

"कुठे?"

"ओळीच्या शेवटी शेवटी. दर वेळी तिथेच." त्यानं मान हलवली. "बेअरिंग गेलंय. तू पास केलंस हे?"

"नाही हो," ती म्हणाली. "मी रिजेक्टच केलं होतं. त्यांनी गाण्यात घातलं."

हे ती हळू आवाजात म्हणाली, अगदी बेताच्या. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा.

त्यानं दोन्ही हात कानांवर नेले.

"ओरडतेस कशाला?" तो म्हणाला.